घरच्या एशियन चिकन सॅलडला पाणी का सुटतं आणि चिकन वातड का होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला राहणाऱ्या एका जोडप्याने रविवारी पाहुण्यांसाठी एशियन फ्युजन चिकन सॅलड केलं. चिकन कुकरला तीन शिट्ट्या करून घेतलं, कोबी, गाजर, काकडी चिरली, सोया सॉस, व्हिनेगर आणि मध घालून सगळं कालवून ठेवलं. तासाभराने वाढायला घेतलं तर भांड्याच्या तळाशी तपकिरी पाणी, चिकन वातड आणि चव फक्त सोया सॉसची. बाहेर मिळतं तसं घरी होत नाही ते सामान वेगळं असतं म्हणून, की हात वेगळा असतो म्हणून?

मी पुण्यात २२ वर्षं घरगुती ऑर्डरी घेते आणि स्वयंपाकाचे वर्गही घेते. हा प्रश्न वर्गात दर बॅचला येतो. सामान जवळपास तेच असतं. तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी पाणी आहे. चिकनच्या आतलं पाणी शिजताना पिळून निघालं म्हणून ते वातड झालं. कोबी-काकडीतलं पाणी मिठामुळे बाहेर आलं म्हणून तळाशी साचलं. त्याच पाण्याने ड्रेसिंग पातळ झालं, त्यातलं आंबट-गोड हरवलं आणि खारटपणा तेवढा जिभेवर राहिला. तिसऱ्या तक्रारीत मापाचाही दोष आहे, त्याकडे येतेच.

काकडीची कोशिंबीर करताना तुम्ही मीठ कधी घालता? पानं वाढायच्या वेळी. आधी घातलं तर पाणी सुटतं हे आपल्याकडे सांगावंही लागत नाही. पण 'सॅलड' म्हटलं की ही समज बाजूला पडते आणि आपण तासभर आधी सोया सॉस ओततो. सोया सॉस म्हणजे बराचसा मीठच. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं. मलाही हे ठेच लागूनच कळलं. सुरुवातीच्या वर्षांत कोथरूडला ४० माणसांची ऑर्डर होती. दोन तास आधी सगळं कालवून मोठ्या पातेल्यात भरून नेलं आणि झाकण उघडलं तेव्हा कोबी पाण्यात तरंगत होता. त्या दिवशी यजमान काही बोलले नाहीत, पण पुन्हा बोलावलंही नाही. तेव्हापासून माझ्याकडे ड्रेसिंग वेगळ्या बरणीत जातं आणि वाढायच्या आधी दहा मिनिटं कालवलं जातं.

आता हे सॅलड मुळात काय आहे तेही बघू, कारण त्यातूनच करायची रीत सुचते. याचा एकच देश नाही. वुल्फगँग पक या प्रसिद्ध शेफनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला 'शिन्वा ऑन मेन' हे रेस्टॉरंट उघडलं आणि तिथलं चायनीज चिकन सॅलड गाजलं. अमेरिकेत हा प्रकार त्याच्या आधीपासून खाल्ला जात होता. पण त्यांच्या ताटात जे आलं त्याचे सख्खे भाऊबंद आशियात फार जुने आहेत. व्हिएतनामचं 'गॉय गा' म्हणजे कोबी, हाताने सोडलेलं चिकन आणि भरपूर पुदिन्यासारखा ताजा पाला. थायलंडच्या ईशान्य भागातलं आणि लाओसचं 'लाब' म्हणजे बारीक मांस, लिंबू, मिरची आणि वर भाजलेल्या तांदळाची भरड. चीनच्या सिचुआन प्रांतातलं 'बँग बँग चिकन' म्हणजे उकडलेलं चिकन लाकडी दांडक्याने ठोकून, रेषे सैल करून त्यावर तिळाचा तिखट रस. आपल्याकडच्या कॅफेतल्या मेन्यूवरचं 'एशियन सॅलड' ही या सगळ्यांची सरमिसळ असते. मी घरी तिघांकडून एकेक गोष्ट घेते: पाला, तांदळाची भरड आणि ठोकणं.

चार जणांना पुरेल असं माप धरते. ५०० ग्रॅम बोनलेस चिकन, ३०० ग्रॅम साधा कोबी, मूठभर जांभळा कोबी, दोन गाजरं, एक काकडी, अर्धी सिमला मिरची, पातीच्या कांद्याच्या चार-पाच काड्या, मोठी मूठ कोथिंबीर, पुदिन्याची २० पानं.

चिकनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचं सॅलड इथेच बिघडतं. दुकानात नुसतं 'बोनलेस' मागितलं की कधी छातीचं मिळतं, कधी मांडीचं. नेमकं सांगून घ्या. पहिल्यांदा करत असाल तर मांडीचं घ्या, त्यात चरबी जास्त असल्याने दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ते मऊ राहतं. छातीचं घेतलंत तर लक्ष द्यावं लागेल. गावठी कोंबडी रश्श्यासाठी ठेवा. तिचे रेषे चिवट असतात, त्यांना तासभर शिजणं हवं आणि सॅलडला तेवढा वेळ देऊन चव रश्श्यातच जाते.

कुकरमध्ये आच साधारण १२० अंशांपर्यंत जाते. छातीच्या मांसातली प्रथिनं ६५ ते ७० अंशांच्या पुढे घट्ट आवळतात आणि ओल्या फडक्यासारखं आपलं पाणी पिळून टाकतात. तंगडीत आणि हाडाभोवती जो चिवट भाग असतो तो कुकरच्या उष्णतेने विरघळून मऊ होतो, म्हणून मटणाला कुकर लागतो. छातीत तो भाग नावापुरता असतो. त्यामुळे शिट्टीचा तोटा तेवढा पदरात पडतो.

मग कसं करायचं? आदल्या रात्री, निदान दोन तास आधी, चिकनला सपाट एक छोटा चमचा मीठ चोळून फ्रिजमध्ये झाकून ठेवा. आधी त्याला थोडं पाणी सुटेल, मग ते मीठ घेऊन आत परत मुरेल आणि शिजताना मांस पाणी धरून ठेवेल. छातीचा तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असतो, म्हणून जाड बाजू आडवी चिरून पुस्तकासारखी उघडा किंवा अर्धी करा. पसरट पातेल्यात चिकन बुडेल इतकं गार पाणी घ्या, त्यात आल्याच्या चार चकत्या, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि सात-आठ मिरी टाका, चिकन ठेवा आणि मध्यम आचेवर तापवा. तळातून बारीक बुडबुडे यायला लागले, पण पाणी अजून उसळत नाही, अशा वेळी गॅस अगदी बारीक करा. दहा मिनिटांनी बंद करा, झाकण ठेवा आणि आणखी दहा मिनिटं हात लावू नका. पाणी एकदाही खळखळता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरात असेल तर सगळ्यात जाड जागी ७४ अंश दिसले की काम झालं. नसेल तर जाड भाग चिरून बघा: गुलाबी काही दिसायला नको आणि रस निवळ हवा. थोडं कच्चं वाटलं तर त्याच गरम पाण्यात आणखी पाच मिनिटं ठेवा.

आपल्याकडे चिकन नळाखाली खळखळून धुवायची सवय असते. तिथून उडालेले थेंब शेजारच्या कोथिंबिरीवर पडतात आणि ती कोथिंबीर आपण कच्ची खाणार असतो. धुवायचंच असेल तर वाडग्यात हलक्या हाताने धुवा, पाणी जपून ओता आणि सुरी, पाट, हात साबणाने धुतल्याशिवाय भाजीला हात लावू नका. कच्च्या चिकनचा पाट मी वेगळाच ठेवते. सॅलडच्या बाबतीत मी या एका गोष्टीवर वर्गात फार कडक असते.

चिकन कोमट झालं की ताटात काढून लाटण्याने हलकेच ठोका. रेषे आपोआप सुटे होतात. मग ते बोटांनी रेषांच्या दिशेने सोडा, सुरीने चौकोनी तुकडे करू नका. सुरीचा काप गुळगुळीत असतो, त्यावरून ड्रेसिंग घसरून खाली जातं. फाटलेल्या खडबडीत रेषांना ते धरून राहतं. चिकन कोमट असतानाच त्यावर दोन चमचे ड्रेसिंग चोळून ठेवा. फ्रिजमधून काढलेल्या गार चिकनवर नंतर कितीही ओतलंत तरी चव वरवरच राहते.

भाज्यांचं थोडक्यात सांगते. कोबी जितका बारीक तितका चांगला. विळीवर हात बसलेल्या माणसाला कुठल्याही यंत्राची गरज नाही. चिरलेला कोबी आणि गाजराच्या सळ्या बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, करकरीत होतात. मग निथळून स्वच्छ पंच्यात गुंडाळा आणि पंचा हलक्या हाताने झटका. कोबी पूर्ण कोरडा व्हायला हवा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी तीच लोक गाळतात. ओल्या पानाला ड्रेसिंग चिकटत नाही. काकडी उभी चिरून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून टाका, निम्मं पाणी तिथेच जातं. पावसाळ्यात कोथिंबीर-पुदिन्याच्या देठांत माती फार असते, तीन पाणी बदला. जांभळा कोबी आणि चायनीज कोबी मंडईत किंवा मार्केट यार्डात सहज मिळतो. नाही मिळाला तरी साध्या कोबीवर हे सॅलड उत्तम होतं. टोमॅटो मात्र घालू नका. कितीही बिया काढल्या तरी त्याला पाणी सुटतंच.

आता ड्रेसिंग. सणाच्या ताटात डाव्या बाजूला पंचामृत असतं. त्यात काय असतं ते आठवा: चिंच, गूळ, हिरवी मिरची, तिळाचं कूट, दाणे, खोबरं. आग्नेय आशियातल्या बहुतेक सॅलडांची चव याच घराण्यातली आहे. तिकडे ताडाचा गूळ, आपल्याकडे उसाचा. चिंच दोन्हीकडे. उन्हाळ्यात आपण कैरीचं तक्कू करतो, किसलेल्या कैरीत गूळ, तिखट, मीठ. थायलंडमध्ये कच्च्या आंब्याचं सॅलड जवळपास याच वळणाचं असतं. म्हणून वर्गात मी सांगते, परदेशी बाटल्यांच्या मागे लागण्याआधी आपल्या जिभेला जे आंबट-गोड-तिखट माहीत आहे त्यावर भरवसा ठेवा.

माप असं. दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा राईस व्हिनेगर, दीड मोठा चमचा किसलेला गूळ, दोन मोठे चमचे दाण्याचं अगदी बारीक कूट, दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल, दोन छोटे चमचे भाजलेल्या तिळाचं तेल, एक छोटा चमचा किसलेलं आलं, लसणाची एक लहान पाकळी, एक तिखट हिरवी मिरची.

लसूण किसून आधी लिंबाच्या रसात पाच मिनिटं ठेवा. आंबटामुळे त्याचा उग्रपणा बराच कमी होतो, आणि कच्च्या लसणाची चव दिवसभर तोंडात राहत नाही. त्याच वेळी गूळ व्हिनेगरमध्ये भिजवा, विरघळला की गाळून घ्या, गुळात कधी कधी खर असते. मग कुटात सोया सॉस थोडा थोडा घालून घोटा, घट्ट वाटणासारखं झालं की लिंबू, गूळ, आलं, ठेचलेली मिरची घाला. शेवटी तेल बारीक धारेने घालत ढवळत राहा. कुटामुळे तेल आणि आंबट रस मिळून येतात, नाहीतर तेल वर तरंगतं आणि सॅलडची वरची पानं तेलकट आणि खालची नुसती आंबट होतात. तुमच्या रविवारच्या ड्रेसिंगमध्ये त्यांना बांधून ठेवणारं काहीच नव्हतं. फार घट्ट वाटलं तर चिकन शिजवलेलं पाणी एक-दोन चमचे घाला.

सोया सॉस घेताना बाटलीच्या मागचं वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल आणि आंबवून केल्याचं लिहिलं असेल तर तो घ्या. आपल्या चायनीज गाड्यांवर वापरतात तो 'डार्क' सोया सॉस नूडल्सना रंग यावा म्हणून असतो, सॅलडमध्ये घातला की सगळं काळपट आणि जळक्या साखरेसारखं लागतं. त्यासाठी 'लाइट' घ्या. इथे 'लाइट' म्हणजे रंगाने फिका, मिठाने नव्हे, उलट तो जास्त खारट असतो. म्हणून ड्रेसिंगमध्ये वेगळं मीठ अजिबात नको, आणि घरात कुणाला रक्तदाब असेल तर सोया सॉस निम्मा करून लिंबू वाढवा. गव्हाचं पथ्य असलेल्यांना साधा सोया सॉस चालत नाही. दाणे किंवा तिळाची ॲलर्जी कुणाला आहे का, हे पाहुण्यांना आधी विचारा.

राईस व्हिनेगर नसेल तर घरातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर दोन छोटे चमचे घ्या, त्याहून जास्त नको. ते फार चरचरतं. एप्रिल-मे महिन्यात मी व्हिनेगर घेतच नाही, कैरी किसून घालते, लिंबूही निम्मं करते, आणि ते सॅलड मला वर्षभरातलं सगळ्यात आवडतं. तिळाच्या तेलाबाबत एक गल्लत नेहमी होते. आपल्याकडे घाण्यावरचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं. आशियाई स्वयंपाकात वरून घालतात ते तीळ खमंग भाजून काढलेलं, गडद तपकिरी तेल. एकाच्या जागी दुसरं घातलं तर तो वास येत नाही. बाटली आणायची नसेल तर दोन मोठे चमचे तीळ तांबूस भाजून खलबत्त्यात जाडसर कुटा आणि ड्रेसिंगमध्ये घाला. ज्यांच्या घरी संक्रांतीनंतर तीळ उरतात त्यांना हा उपाय आवडतो.

ड्रेसिंगची चव चमच्याने चाटून बघू नका. कोबीचं एक पान त्यात बुडवून खा. नुसतं ड्रेसिंग थोडं जास्त आंबट, जास्त खारट लागायलाच हवं, कारण कोबीत मीठ नाही. पानावर ते फिकं वाटलं तर आधी लिंबू वाढवा, मग गूळ, सोया सॉस सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात. चव कमी वाटली की हात सोया सॉसकडे जातो आणि तिथून परत येता येत नाही.

कुरकुरीत काहीतरी हवंच. बाहेर तळलेल्या नूडल्स घालतात. मी घरी दोन गोष्टी करते. एक, भाजून सोललेले आणि अर्धवट कुटलेले दाणे. दुसरी, थाई पद्धतीची तांदळाची भरड: दोन मोठे चमचे तांदूळ कोरड्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं तांबूस होईपर्यंत भाजायचे आणि रव्याहून जाडसर वाटायचे. तिकडे यासाठी चिकट तांदूळ घेतात. मी आपला मावळातला इंद्रायणी घेते. भाजताना जो वास सुटतो त्याने शेजारचे विचारायला येतात. ही भरड चवीबरोबर आणखी एक काम करते. उरलंसुरलं पाणी शोषून घेते आणि ड्रेसिंग भाजीला धरून राहतं. दाणे आणि भरड वाढताना वरून घाला. भेळेवर शेव जशी शेवटी पडते तसंच, नाहीतर सगळं सादळतं.

कालवणं अगदी सोपं. मोठ्या परातीत कोबी, गाजर, काकडी, सिमला मिरची, त्यावर चिकन, आधी निम्मं ड्रेसिंग, हाताने वर-खाली. कोमट चिकनला चोळून उरलेलं बाकीचं चव बघून. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात शेवटी, पुदिना हाताने तोडून. सुरीने चिरलेला पुदिना काळा पडतो.

ऑफिसच्या डब्यात न्यायचं असेल तर तोंड मोठं असलेली काचेची बरणी घ्या. तळाशी ड्रेसिंग, त्यावर गाजर आणि सिमला मिरची, मग चिकन, वर कोबी, सगळ्यात वर पाला. दाणे कागदात वेगळे. खाताना ताटलीत उलटं करा. पण हे ऑफिसात फ्रिज असेल तरच. शिजवलेलं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये तर तासभरच धरा. रेषे सुटे केलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं, ड्रेसिंगही तेवढेच. त्यात कच्चा लसूण असल्याने मी त्याहून जास्त ठेवत नाही. कालवलेलं सॅलड मात्र त्याच जेवणात संपवायचं.

घरात कुणी शाकाहारी असेल तर त्यांच्यासाठी आधी वेगळ्या वाडग्यात काढून घ्या. घट्ट टोफू किंवा पनीर तव्यावर तांबूस करून घाला, ड्रेसिंग तेच चालतं. चिकनचं पाणी त्यात घातलेलं नाही ना, एवढं बघा.

आणि ते पाणी फेकू नका. चिकन काढल्यावर पातेल्यात जे उरतं त्यात आलं, मिरी, कांद्याची पात आणि चिकनचा सगळा अंश उतरलेला असतो. गाळून पुन्हा उकळा, त्यात कोबीचा चिरलेला दांडा, जो सॅलडमध्ये नको असतो, आणि दोन चमचे इंद्रायणीचे तांदूळ टाका. तांदूळ मऊ शिजले की मीठ बघा, आधीच असतं, आणि वर लिंबू पिळा. सॅलड कालवून होईपर्यंत तेही तयार होतं. आमच्याकडे थंडीत आधी वाट्या भरून तेच प्यायलं जातं, मग सॅलड.